सासरच्या पेठेचा बॅक

प्रिय आप्पा,

तुम्ही गेल्यापासून मनातल्या मनात तुमच्याशी भांडतेच आहे. काल मॅच झाली आणि ते भांडणच मिटलं, म्हणून आज लिहायला बसले.

फुटबॉलची मॅच, तुमच्या पेठेची आणि माझ्या सासरच्या पेठेची. तरुणपणी तुम्ही तुमच्या तालमीच्या टीमकडून अनवाणी, बचावाला बॅक म्हणून खेळलात, पाण्यानं दगड झालेला चामड्याचा बॉल कपाळावर झेललात. तुम्हाला चुकवून गोल केलेला फॉरवर्ड म्हणे विरळाच. गुडघा गेला, खेळ सुटला, पण इमान सुटलं नाही. मी दादाच्या पाठची तुमची एकुलती एक लेक, तरी सीझन सुरू झाला की माझ्या घरचा घोटभर चहासुद्धा तुम्हाला चालत नव्हता. इतकं कुणी ताणतं का?

मग दोन वर्षांपूर्वी तुमच्या नातवानं, माझ्या सुजितनं, आमच्या पेठेची जर्सी घातली. भर चौकात, सगळ्या तालमीसमोर तुम्ही त्याला म्हणालात, "आजपास्नं माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाई." तो मान खाली घालून घरी आला. तुम्ही गेलात त्या दिवशी तो तुमच्या पायाशी उभा होता, आणि मला एकच खात होतं, की आप्पा याच्यावरचा राग घेऊनच गेले. बोलणार कुणाजवळ? सासरी हसले असते, माहेरी चिडले असते.

काल तुमच्या पेठेचा तो नावाजलेला फॉरवर्ड बॉल घेऊन एकटा सुटला. समोर फक्त सुजित. त्यानं डावीकडं हूल दिली, हा हललाच नाही. तो उजवीकडं वळला तसा यानं अलगद बॉल काढून घेतला. आम्ही एका गोलनं जिंकलो.

घरी आल्यावर मी विचारलं, "हूल कशी ओळखलीस रे?"

"आज्जानं शिकवलंय की," तो भाकरी मोडत म्हणाला. "रंकाळ्यावर, रोज सकाळी. पायाकडं बघू नगंस, पोटाकडं बघ म्हणायचा. आमच्या तालमीचं पोरगं डावीकडं नुसतं वाकतंय, जातंय उजवीकडनंच, असं त्यानंच सांगितलं."

"आणि चौकात बोलले ते?"

"ते तालमीला ऐकवायला. आईला सांगू नगंस म्हणालता. तिच्याजवळ काय ऱ्हात न्हाई."

आप्पा, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून काठी घेऊन निघत होतात, ते हे होय? स्वतःच्या पेठेचा फॉरवर्ड असा उघडा पाडलात? मी ताटावरच रडले, मग हसू आवरेना. छातीवरचा धोंडा उतरला बघा. पण मला दोन वर्षं उगीच जाळलंत, एवढं मात्र बोलणारच.

आज संध्याकाळी माहेरी जाणार आहे. दादा हरल्याच्या घुश्शात असेल. "आप्पा असते तर त्यांचा जीव तुटला असता," म्हणेल, आणि तालमीतली म्हातारी माणसं माना हलवतील. मीही पदरानं डोळे पुसत "व्हय की" म्हणेन. शब्द देते आप्पा, त्यापुढं एक अक्षर माझ्या तोंडून निघणार नाही.

तुमची,
शालन