काउंटरखालचा पलंग

वज्दी,

मी परत नगरपालिकेत चाललेय, तुझ्या कृपेनं. सुफियानच्या औषधाच्या दुकानाचा नकाशा काल त्यांनी परत केला, कारण काउंटरखाली तुझा डबल पलंग निघाला! कारकून सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, गोळी घेऊन इथंच झोपायचं का?"

तीन आठवडे तुला कॉम्प्युटरवर नकाशे काढायला शिकवतेय, घसा फोडून सांगतेय. टेम्प्लेट म्हणजे कोरा कागद. त्यात चौकट आणि माझं नाव, बस्स. ते उघडायचं, आधी वेगळ्या नावानं ड्रॉइंग म्हणून सेव्ह करायचं, मग रेघा मारायच्या. तू टेम्प्लेटमध्येच घर काढलंस आणि तिथंच सेव्ह केलंस. तेही इतक्या फिकट रेषांत, की मला स्क्रीनवर दिसलं नाही आणि छापल्यावर काळंकुट्ट उमटलं. आता माझ्या प्रत्येक नव्या कामात तुझा संसार!

टेम्प्लेट साफ केलंय. तुझं घर पुसलं नाही, 'वज्दी वरचा मजला' नावानं वेगळं ठेवलंय. चण्यांची लबलाबी पातेल्यात आहे, उम्मीच्या वाडग्यात तिखट हरिसा घालू नकोस, आईच्या पोटाला सोसत नाही.

वेगळा ठेवण्याआधी तो नकाशा नीट पाहिला. गच्चीवर मजला चढव, लग्न कर, बहीण म्हणून माझी ना नाही. पण वर जाणारा जिना माझ्या खोलीतून जातो, आणि माझा पलंग तू कुठंच दाखवलेला नाहीस.

बाकी सगळी मापं चुकलीत. माझी खोली तेवढी सेंटिमीटरपर्यंत बरोबर आहे. कधी मोजलीस, ते संध्याकाळी तोंडानं सांग.

रफीका