किळस आल्यावर पुढे काय करायचं

गुरुजी, पत्राला फार उशीर झाला, माफ करा. तुम्ही होतात तेव्हा लिहायचं सुचलं नाही, आणि आता सुचलं तर कुठल्या पत्त्यावर टाकायचं हा प्रश्न आहे. तरी लिहितो, कारण हल्ली मला जेवण जात नाही. घास तोंडाशी नेला की नातीच्या शाळेतली पाण्याची टाकी डोळ्यांपुढे येते.

शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. नातीला आणायला मी गेलो होतो. आत भिंतीएवढ्या पडद्यावर अमिबा म्हशीएवढा करून दाखवत होते आणि लेकरं त्याचे फोटो काढत होती. पहिला नंबर पाणी शुद्ध करायच्या थर्माकोलच्या मॉडेलला मिळाला. ते नांदेडहून तयार आणलेलं, दुकानाची चिठ्ठी खाली तशीच चिकटलेली. मला तहान लागली म्हणून बाहेर नळाशी गेलो, तर पाण्याला वास. शेजारच्या सिमेंटच्या टाकीचं झाकण सरकवलं. कडेला हिरवा बुळबुळीत थर, वर कबुतराची पिसं, आणि पाण्यात काहीतरी वळवळत होतं. हे पाणी माझी नात रोज पिते. तिचं पोट सारखं बिघडतं आणि आम्ही घरात बसून बाहेरच्या भेळीला दोष देतो.

मी माझ्या बाटलीत ते पाणी भरलं आणि नातीच्या विज्ञानाच्या सरांपुढे धरलं. म्हटलं, "सर, जरा उजेडाला धरून बघा." त्यांनी बाटली दोन बोटांत घेतली. "आजोबा, पाण्याचा रिपोर्ट बराबर आहे. काहून तकलीफ करून घेता?" मी म्हटलं, "रिपोर्ट ऱ्हाऊ द्या, पाणी बघा." तर म्हणाले, "तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. डोळ्यातलंच हलत असंल." पोरं हसली. सरांनी बाटली नळाखाली रिकामी केली आणि हाताला सॅनिटायझर चोळलं. एकदाही न बघता. गुरुजी, त्या पाण्यापेक्षा मला त्या हात चोळण्याची जास्त किळस आली.

मला तुमचा वर्ग आठवतो. माझ्या पिंढरीतून नारू बाहेर येतोय, दोऱ्यासारखा पांढरा किडा. आईने त्याचं टोक काडीला गुंडाळून वर चिंधी बांधलीय. तुम्ही मला पाय स्टुलावर ठेवायला सांगता आणि चिंधी सोडता. पोरी मागच्या भिंतीला चिकटतात, पाटलाचा पोरगा तोंडावर हात धरून बाहेर पळतो. मी मान खाली घालतो. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवता. "किळस आली? येऊ द्या. पण डोळे झाकू नका. हे याच्या पायात आलं कुठून?" कोणी म्हणतं देवीचा कोप, कोणी म्हणतं यानं वांगी लई खाल्ली. मग तुम्ही गावच्या पायऱ्यांच्या बारवेचं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन खिडकीतल्या उन्हात धरलंत. बारीक पांढरे ठिपके, झटके देत फिरणारे. एकेकाला जवळ बोलावून विचारलंत, "तुला दिसतं का? एकट्याला दिसलेलं खरं धरायचं नाही. दुसऱ्याला दाखवायचं." पळालेल्या पोराला हाताला धरून आणलंत. त्याने पेल्यात बघितलं, माझ्या पायाकडे बघितलं आणि म्हणाला, "आरं, आमी बी हेच पेतो की." त्यानंतर माझ्या पायाला कोणी हसलं नाही.

पुढे पाय चिघळला, मी घरी पडलो आणि शाळा सुटली ती सुटलीच. कधीतरी ऐकलं की बारवेत उतरणं बंद झालं, नंतर नारूही गेला. पण तुम्ही एवढ्या लोकांना कसं वळवलंत ते मी बघितलेलं नाही. माझ्या वाट्याला तो धडा निम्माच आला.

मागच्या आठवड्यात पुन्हा जाऊन बाटली भरून घरी आणली. नात म्हणाली, "शी आबा, फेका ते." मी म्हटलं, "शी म्हण, पण बघ." तिने ओढणी नाकाला लावली आणि बाटली दारातल्या उन्हात धरली. बराच वेळ धरली. मग हळूच म्हणाली, "आबा, हलून राहिलं. लई हायेत." माझे डोळे खोटे नव्हते याचं मला बरं वाटायला हवं होतं. पण तिने बाटली खाली ठेवली, ओढणीने ओठ पुसले, पुन्हा पुसले, आणि विचारलं, "आता काय करायचं?"

ते मला येत नाही, गुरुजी. सरांकडे जावं तर ते पुन्हा थट्टा करतील. सरपंचाकडे जावं तर सरांचा राग शाळेत पोरीवर निघेल, ही भीती. तिला घरचं पाणी गाळून, उकळून बाटलीत देतो, पण बाकीची लेकरं त्याच नळाला तोंड लावतात आणि ती येऊन मला तेच सांगते. मी तिला बोलून बसलोय की माझ्या गुरुजींना पत्र टाकलंय, उत्तर आलं की करू. हे अर्धं लिहिलेलं पत्र मी गादीखाली ठेवतो आणि तुम्ही गेलात हे मी तिला सांगितलेलं नाही. ती शाळेतून आली की दप्तर ठेवायच्या आधी विचारते, आलं का. पेल्यातलं पाणी दाखवून झाल्यावर तुम्ही कोणाकडे गेलात, काय बोललात, तेवढं लवकर कळवा.