एकतीस चिठ्ठ्या

शुक्रवार, दि. १२

प्रिय मुंगी,

सप्रेम नमस्कार. तू बरी असशील, घरची मंडळीही सुखरूप असतील. मी ठीक आहे. गुडघे सोडले तर बाकी सगळे अवयव अजून माझं ऐकतात.

पन्नास वर्षांनी पत्र, आणि तेही टाचणीचं, म्हणून लगेच फाडू नकोस. आधी वाच, मग खुशाल फाड.

आपला वर्ग शाळेतून बाहेर पडला त्याला यंदा पन्नास वर्षं झाली. त्याचा समारंभ घाटतो आहे. समितीची अध्यक्ष कोण, हे विचारायची गरज आहे का? आपली मॉनिटर. तेव्हा बोलणाऱ्या मुलींची नावं फळ्यावर लिहायची, आता पाहुण्यांची पाकिटांवर लिहिते. स्वभावाला औषध नाही. स्मरणिकाही निघणार आहे. मी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, म्हणून मुख्य लेख माझ्या गळ्यात मारला. मथळासुद्धा तिनेच ठरवला: ‘न फुटलेला वर्ग’.

मी वर्गाची यादी मागितली. तीस नावं होती. तुझं नव्हतं.

म्हटलं, “आपण एकतीस होतो.”

“अगं, ती आपल्याबरोबर पास कुठे झाली?”

“पास नसेल झाली. आठ वर्षं आपल्याबरोबर बसली ना?”

“टाचणी, समारंभाच्या तोंडावर जुनी मढी उकरू नकोस बाई.”

“ती जिवंत आहे,” मी म्हटलं, आणि चहा तसाच टाकून उठले. बिस्किटं मात्र खाऊन झाली होती, ते बरं झालं.

तू जिवंत आहेस हे मला सोमवारीच कळलं होतं. जुने फोटो मागायला शाळेच्या ऑफिसात गेले होते. तिथे एक बाई कारकुनाशी भांडत होती. “माझ्या सासूबाई सहासष्ट वर्षांच्या आहेत. आता वर्तणूक बिघडवायला त्यांना सवड तरी आहे का?” कारकून म्हणाला, “रजिस्टरात जे आहे ते आहे.” मला भांडणारी माणसं आवडतात, म्हणून जवळ सरकले. टेबलावर तुझा शाळा सोडल्याचा दाखला होता. शेरा वाचला: ‘वर्तणूक असमाधानकारक. परीक्षेत गैरप्रकार, कबुलीसह.’

तुझ्या सुनेला जिन्यात गाठलं. तू चाळीस वर्षं कारखान्यात शर्टांना कॉलर लावत होतीस, आता शालान्त परीक्षेला बसायचं म्हणतेस, स्वयंपाकघरात समीकरणं सोडवतेस आणि भाजी करपवतेस, हे सगळं तिने एका दमात सांगितलं. त्या शेऱ्यापायी परीक्षा मंडळाने फॉर्म परत केला, आणि शेवटची तारीख १८, संध्याकाळी पाचपर्यंत, हेही सांगितलं.

मुंगी, शाळेने तुझ्यावर अन्याय केला. तेव्हाच्या मुख्याध्यापिका सिस्टरचा जमानाच तसा होता. आपण पोरी होतो, घाबरलेल्या होतो. कुणाचं किती चुकलं याचा काथ्याकूट करून आता काय मिळणार? मी नव्या मुख्याध्यापिकेशी भांडते. भांडण्यात मी अजून कुणाला हार जात नाही. तू फक्त माझ्या नावाने चार ओळींचं अधिकारपत्र दे, की तुझ्या वतीने मी अर्ज करावा. सुनेबरोबर पाठव.

तुझी बालमैत्रीण,
टाचणी


बुधवार, दि. १७

मुंगी,

तुझी सून सोमवारी येऊन गेली. अधिकारपत्र आणलं नाही. तुझा निरोप मात्र पाठ करून आली होती. “सासूबाई म्हणाल्या, टाचणीला सांग, राहू दे. मला तेव्हाच माहीत होतं. तिची बोटं काळी होती.”

वर विचारते, “बोटं काळी म्हणजे काय हो, मावशी?”

मी तिला सांगितलं. सगळं. तिने पाण्याचा पेला होता तसा खाली ठेवला. म्हणाली, “हे पत्रात लिहा. निरोप म्हणून मी हे नेणार नाही.” पोरगी बरोबर बोलली. म्हणून लिहिते.

शाळेत पेपर छापायच्या सायक्लोस्टाइलच्या खोलीबाहेर टोपली असायची. बिघडलेले कागद त्यात टाकायचे आणि शनिवारी माळ्याने ते जाळायचे. पूर्वपरीक्षेचा भूमितीचा पेपर त्यात होता, कडेला शाई फाकलेला. तो मी उचलला. भूमितीत गचकलीस तर शाळा बंद आणि आत्याने सुचवलेलं स्थळ पक्कं, असं बाबांनी बजावलं होतं. पेपर घरी न्यायची छाती नव्हती, म्हणून शिवणाच्या कपाटात कापडाच्या गठ्ठ्याखाली दडवला. शाई दोन दिवस बोटांवरून गेली नाही. आणि ऐक, पेपर आधी हातात असूनही मला छत्तीस मार्क पडले. चोरी करायलासुद्धा अक्कल लागते.

परीक्षेनंतर आठवड्याने शिवणाच्या बाईंना तो सापडला. सिस्टर वर्गात येऊन म्हणाल्या, उद्या प्रत्येकीला एक चिठ्ठी मिळेल. ज्या मुलीने हे केलं तिने स्वतःचं नाव लिहावं, बाकीच्यांनी कोरी टाकावी.

मधल्या सुट्टीत कॉरिडॉरमध्ये कुणी डोकं चालवलं, आठवतंय ना? मीच. “सगळ्यांनी स्वतःचं नाव लिहायचं. एकतीस नावं निघाली तर कुणाकुणाला काढतील?” सगळ्यांनी हातावर हात ठेवले. तुझा छोटा हात माझ्या हातावर होता. अगं, मी वर्गाची एकजूट बांधत नव्हते. लपायला झाडी लावत होते. एकतीस नावांत माझं एक खपून गेलं असतं.

आणि तेही मी लिहिलं नाही. पेन हातात धरलं आणि वाटलं, बाकीच्या तीसजणी लिहितीलच, माझं एक नसलं म्हणून काय बिघडतं? चिठ्ठी दुमडून कोरीच टाकली. प्रत्येकीने नेमका हाच हिशेब केला. तू सोडून.

सिस्टरनी खोकं उघडलं. “तीस कोऱ्या. एक नाव.”

तू उभी राहिलीस. फक्त मागे वळून आमच्याकडे पाहिलंस आणि थांबलीस. तू वाट बघत होतीस, मुंगी. आम्ही उठू म्हणून. मी दप्तरात पट्टी शोधत होते. पट्टी बाकावर समोरच पडली होती.

शालान्त परीक्षेला सहा आठवडे राहिले होते. तुझी आई तुला न्यायला आली, तेव्हा तिची चप्पल तुटली होती आणि ती हातात धरून ती फाटकापर्यंत अनवाणी गेली. मी खिडकीतून पाहिलं. पोटात दुखतंय म्हणून घरी गेले.

सोमवारी तुझी सून गेल्यावर मी शाळेत जाऊन, अधिकारपत्राविना, माझी स्वतःची कबुली म्हणून सगळं लिहून दिलं. नवी मुख्याध्यापिका वयाने माझ्या लेकीएवढी, पण कायद्याची पक्की. म्हणाली, “तुमच्या एकटीच्या शब्दावर रजिस्टर कसं बदलू? वर्गातल्या आणखी दोघींनी लिहून द्यावं, की ते नाव कबुली नव्हती, तसं सगळ्यांचं ठरलं होतं आणि आपण मात्र कोरी चिठ्ठी टाकली.”

मला वाटलं, हे तर सोपं. एकोणतीसपैकी दोन.

काल दिवसभर पायपीट केली. त्यात कळलं, की या वर्गात कोरी चिठ्ठी कुणी टाकलीच नव्हती! दातांची डॉक्टर झालेली ती लांबोडकी म्हणाली, “मी तर माझं नाव लिहिलं होतं बाई.” म्हटलं, “मग ते गेलं कुठे?” म्हणाली, “सिस्टरनी लपवलं असेल.” बँकेतून निवृत्त झालेलीने तर पोरांना, नातवंडांना ही गोष्ट शौर्याची म्हणून सांगितली आहे. तिच्या नातीने माझ्यासमोर ती म्हणून दाखवली. मी म्हटलं, “छान आहे, फक्त खोटी आहे,” आणि चपला घातल्या. फोनवर सातजणींनी हेच ऐकवलं. मुंगी, हाच तो न फुटलेला वर्ग. पन्नास वर्षं एकीच्या जिवावर तीस शूर बायका मिरवत आहेत, आणि त्यांत सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. दर वर्षी शाळेत नव्या मुलींना मी हीच गोष्ट सांगायचे. एकजुटीचा धडा म्हणून.

पहिली सही चष्म्याच्या दुकानात मिळाली. शेवटच्या बाकावरची ती तोतरी, आठवते? आता गल्ल्यावर बसते. गिऱ्हाईक समोर असतानाच म्हणाली, “कोरी टाकली होती. रोज आठवतं. कुठे सही करू?”

दुसरी सही मॉनिटरची. तिच्या दिवाणखान्यात तीन तास ठिय्या दिला. तिने मला निर्लज्ज म्हटलं, मी तिला काय काय म्हटलं ते पत्रात लिहिण्याजोगं नाही. शेवटी ती एकदम खाली बसली आणि म्हणाली, “मी पेनाचं टोपणसुद्धा काढलं नव्हतं गं.” सही केली. नंतर आम्ही दोघी रडलो, पण त्याचं काही कौतुक नको. पन्नास वर्षं उशिरा रडलो.

आज दुपारी रजिस्टरातला शेरा लाल शाईने खोडला. माझ्यासमोर. नवा दाखला सोबत आहे. वर्तणूक: चांगली. फॉर्मही भरला आहे. सही तेवढी तुझी हवी.

आणि आता सून फोनवर सांगते, की तू पुस्तकं बांधून माळ्यावर टाकलीस. म्हणालीस, झालं ते झालं, आता कशाला.

असं करू नकोस. मुंगी, पाया पडते, असं करू नकोस. माझी मदत नको असेल तर हा दाखला माझा समजू नकोस. तो तुझाच होता, मी दाबून बसले होते. माझा राग त्या परीक्षेवर काढू नकोस. मला शिव्या दे, माझ्या दारात येऊन चार लोकांत दे, मी ऐकून घेईन. माफ तर मुळीच करू नकोस, मी मागत नाही. पण तू बसली नाहीस तर मी तुझी परीक्षा दुसऱ्यांदा घालवली असं होईल, आणि एवढं फेडायला माझ्याकडे आता वर्षं नाहीत.

उद्या सकाळी सून हे पत्र घेऊन जाईल. मंडळाच्या कचेरीच्या पायऱ्यांवर मी दहापासून बसून राहीन, पाचपर्यंत. माझ्याशी बोलू नकोस. ओळखही दाखवू नकोस. माझ्या शेजारून वर जा, खिडकीवर फॉर्म दे आणि पावती घेतल्याशिवाय खाली उतरू नकोस. तिथला कारकून वेंधळा आहे.

ये गं.

हात जोडून,
टाचणी