तिसऱ्या पानावरचा शब्द

३ सप्टेंबर

दुपारी सुगंधा आली. बी.ए.ला माझ्या वर्गात होती, आता हेदवाडीत अंगणवाडी चालवते. नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी तिची कातकरी वाडी. पिशवीत कर्टुली आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चार पानं. कोणा इंग्रज अंमलदाराने या बाजूच्या रानात दौरा केला होता, त्याची टिपणं. ओळखीच्या कुणीतरी मुंबईच्या ग्रंथालयातून झेरॉक्स आणून दिली.

वाडीमागच्या रानावर त्यांचा वनहक्काचा दावा आहे. तो परत आला. शेरा: वस्ती जुनी असल्याचा पुरावा नाही. या पानांत वाडीचं नाव आहे. मराठी भाषांतर जोडायचं.

"दिवाळीच्या आत हवंय मॅडम. नंतर सगळे वीटभट्टीवर जातात. वाडीला कुलूप."

निवृत्तीला सहा वर्षं झाली. कुणी काम घेऊन आलं याचंच बरं वाटलं. कर्टुली लगेच केली. अनंतने दोनदा मागून घेतली.

६ सप्टेंबर

पानं वाचली. पहिल्या दोनांत वाट, ओढे, साग किती. तिसऱ्यावर हेदवाडी. अकरा झोपड्या, दक्षिणेला झरा. हाच पुरावा. लगेच पुढच्या वाक्यात तिथल्या माणसांसाठी एक शब्द: सॅव्हेज. साहेब दिसताच वरच्या रानात पळाले, मिळेल ते खातात, वगैरे.

'रानटी' लिहिलं. खोडलं. 'आदिवासी' लिहिलं. तेही खोडलं, तो शब्द त्याचा नाही. शेवटी 'वन्य जीवन जगणारे'. सभ्य वाटलं.

अनंतला वाचून दाखवलं. नवरा तीस वर्षं तळोज्याला केमिकल प्लँटमध्ये होता, साहित्याशी संबंध नाही. म्हणाला, "साहेबाचं तोंड धुऊन दिलंस की."

राग आला. वही मिटली.

९ सप्टेंबर

मोठा कोश काढला. बाइंडिंग सुटलंय. सॅव्हेजचं मूळ लॅटिन: सिल्व्हा, म्हणजे रान. त्यावरून रानातला. एवढंच. झाडालाही चालेल, फळालाही. मग जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत. रानातला म्हणजे न माणसाळलेला, मग उद्धट, मग हिंस्र, मग क्रूर. शब्द पायऱ्या उतरत गेला. कुणी ढकललं असं दिसत नाही.

आपला 'रानटी' वेगळ्याच वाटेने त्याच ठिकाणी पोचला. कुणी कुणाकडून शिकलं नाही. वेशीच्या आत घर बांधलं, दार लावून घेतलं, की बाहेरच्याला असंच काहीतरी म्हणावंसं वाटत असेल.

ही माहिती मला बत्तीस वर्षं शिकवताना नव्हती. कोश कपाटातच होता.

१२ सप्टेंबर

भाजी निवडताना आठवलं. हा शब्द मी वर्गात शिकवलाय. एफ.वाय.ला, एका कथेत होता. अर्थ फळ्यावर लिहिला, तरी मागचे बाक गप्प. म्हणून म्हटलं, "अरे, ते डोंगरातले लोक येतात ना बाजारात मध विकायला? अंगात शर्ट नाही, केस असे. तसं." वर्ग हसला. मीही हसले असेन. शिक्षकाला वर्ग हसलेला आवडतो.

सुगंधा त्या वर्गात होती का?

१३ सप्टेंबर

होती. जुन्या वह्यांत हजेरीची यादी सापडली. नाव आहे, चेहरा आठवत नाही. त्या तासाला मी तिच्याकडे पाहिलंच नसणार.

अनंतला सांगितलं.

"मग?"

"तिला सांगणार."

"तिला बरं वाटावं म्हणून, की तुला?"

माहीत नाही. पण सांगणार.

१७ सप्टेंबर

हेदवाडीला जाऊन आले. नेऱ्यापर्यंत एस्टी, पुढे सहा आसनी रिक्षा, मग चालत. सुगंधाची आई, जानकी, अंगणात बसून खेकड्यांच्या नांग्या दोऱ्याने बांधत होती. मला पाट दिला, स्वतः मातीत.

भाषांतर वाचून दाखवलं. अकरा झोपड्यांवर मान हलली. झऱ्यावर जरा मोठ्याने हलली. मग विचारलं, "आन आमाला काय बोल्ला तो सायेब?"

"वन्य जीवन जगणारे."

"असा बोल्ला?" हात थांबले. "लय गोड बोल्ला की. आमाला तर वर्दीवालापन असा गोड नाय बोलत. आन ह्यो गोरा?" शेजारणी हसायला लागल्या. एक म्हणाली, "जानके, तुझा पावना असंल."

सुगंधा हसली नाही. झेरॉक्सवर बोट ठेवलं. "मॅडम, इथे सॅव्हेज आहे."

मग म्हटलं. रानटी.

एक खेकडा सुटून चुलीकडे निघाला, तो जानकीने न बघता धरला.

सुगंधा म्हणाली, "तुम्ही चांगल्या मनाने बदललंत, कळतं. पण दावा तपासणाऱ्या समितीत इंग्रजी वाचणारा कुणीतरी असणारच. एक शब्द बदललेला सापडला, की अकरा झोपड्याही आम्हीच घातल्या म्हणतील."

हे मला सुचलं नव्हतं. बत्तीस वर्षं भाषा शिकवून.

जानकी: "पलालो असा लिवलाय ना?"

"हो."

"कुठं पलालो?"

"वरच्या रानात."

"मंग लिवा ना बाई! पलालो, पन आमच्याच रानात पलालो. दुसऱ्याच्या घरात कोन पलतंय?" पुन्हा हशा. मग हळू: "शिवी ऱ्हाऊ द्या. शिवी द्याया तरी तो हितं आला व्हता. आमी हितं व्हतो."

परत निघताना सुगंधा रस्त्यापर्यंत आली. तेव्हा सांगितलं. मध विकणारे, शर्ट, केस, सगळं.

"माहीत आहे मॅडम. तिसऱ्या बाकावर होते. सगळे हसले, मीही हसले. हसले नसते तर मी त्यांतलीच, हे कळलं असतं."

"मग माझ्याकडे का आलीस?"

"त्याच वर्षी स्कॉलरशिपचा फॉर्म तीनदा परत आला होता. तुम्ही ऑफिसात माझ्याबरोबर बसून राहिलात. क्लार्क जेवायला गेला तरी उठला नाहीत." थोडं चालून: "दोन्ही तुम्हीच होतात. माफ केलं असं नाही म्हणत. राग आहे. पण काम तुम्ही नीट करता."

सहा आसनी आली. बरं झालं.

१८ सप्टेंबर

फॉर्मचं मला काहीही आठवत नाही. तिने जपून ठेवलं. राग आहे हेही सांगितलं, गोड केलं नाही. दोन्हींसाठी ऋणी आहे. कालपासून हलकं वाटतंय असं लिहिणार होते, ते खरं नाही. सरळ वाटतंय.

२२ सप्टेंबर

पक्की प्रत केली. रानटी म्हणजे रानटी. पळाले म्हणजे पळाले. साहेबाचं एक वाक्य मुळातच लंगडं होतं, तेही लंगडंच ठेवलं.

खाली टीप जोडली होती: लॅटिन, फ्रेंच, मूळ अर्थ. अकरा ओळी. अनंत म्हणाला, "दावा आहे की निबंध?" सु.ला फोन केला. तिने ऐकून घेतलं. "छान आहे मॅडम. पण काढा. पुराव्याखाली आपण समजावत बसलो तर पुरावा कच्चा वाटतो."

काढली. टीप इथे राहील, माझ्यापुरती.

२ ऑक्टोबर

गांधी जयंतीची ग्रामसभा, शाळेच्या व्हरांड्यात. भाषांतर सु.ने वाचलं. मी मागे बसले. त्या शब्दाशी ती थांबली नाही, घाईही केली नाही. वाडीतलाच एक तरुण उठला. "ताई, असलं पोरांसमोर वाचायचं?" चेहरा लाल. त्याचंही बरोबर.

खालच्या गावात जमिनीची दलाली करणारे एक काका खांबाला टेकून होते. "लिहूनच आनलंय, रानटी हायेत म्हनून. आता आमी काय येगळं सांगाचं?" त्यांची माणसं हसली.

जानकी उठली. पदर खोचला. "वाच गो पुना. काकांनी निम्माच ऐकलाय."

सु.ने पुन्हा वाचलं. अकरा झोपड्या. दक्षिणेला झरा. तिथली रानटी माणसं. वरचं रान.

"झरा हाय का नाय, काका? पानी पिलाव ना तुमी, लानपनी?"

कुणीतरी म्हणालं, "पिलेत, पिलेत. म्हशीपन धुतल्यात." या वेळी सगळेच हसले, काकाही थोडे.

ठराव झाला. सह्या, अंगठे. तो लाल चेहऱ्याचा तरुण सगळ्यांत शेवटी आला, पण आला.

अनंतही बरोबर आला होता. परतताना म्हणाला, "बाई वकील व्हायला हवी होती." मी म्हटलं, आहे.

१४ ऑक्टोबर

दावा दाखल. सु.ने पोचपावतीचा फोटो पाठवला. शिक्का तिरका बसलाय. फोटो तीनदा मोठा करून पाहिला.

कुणाला सांगावं कळेना. कोश पुसून जागेवर ठेवला.

१० नोव्हेंबर

दिवाळी संपली. काल वाडीतून भट्टीचे टेम्पो निघाले. भांडी, कोंबड्या, पोरं, गोधड्या. सु. अंगणवाडीसाठी मागे राहते, पण तीही दिवसभर खालच्या गावात. समिती जागेवर पाहणीला येणार आहे. तारीख कळवलेली नाही. मागच्या वेळी आली तेव्हा सगळी दारं बंद होती, आणि कायम वास्तव्य नाही असाही शेरा पडला.

म्हणून जानकी गेली नाही. नवरा गेला, मोठी सून गेली. ती एकटी. रोज सगळ्या घरांपुढे झाडते.

"त्यांना चूल पेटलेली दिसली पायजे," म्हणाली.

१३ नोव्हेंबर

हेदवाडी. जानकीने भाषांतराची झेरॉक्स धान्याच्या डब्यातून काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"मला ह्यो वाचाया शिकवा. सगला नाय. ह्योच पान."

"सुगंधा आहे ना वाचायला?"

"ती नसली तर? ते आले आन मी मुक्यावानी उभी ऱ्हाऊ?" मग मिश्किल: "आन सायेब माझ्यावर लिवून गेला, मला म्हाईत नको?"

या वयात मला कुणी विद्यार्थी दिला.

कुठून सुरू करायचं विचारलं. वाटलं होतं त्या शब्दापासून म्हणेल. तिने पानावर बोट ठेवलं. "झरा कुठं लिवलाय?"

१९ नोव्हेंबर

झ अवघड आहे. राखेत काढते, पुसते, पुन्हा काढते. आज पाचव्यांदा बरा आला. र लगेच आला. काना तिने स्वतःच दिला, काठी रोवल्यासारखा.

दुपारी रस्त्यावर जीपचा आवाज आला. ती उठून उभी राहिली, पान हातात. जीप पुढे निघून गेली. धूळ बसेपर्यंत आम्ही दोघी बघत राहिलो.

"ते नव्हं," म्हणाली, आणि बसली. "फुडचा अक्षर सांगा."