एसीचा नवा गॅस

१८ मे, रविवार

आज खोटं बोलले, तेही तोंड न उघडता.

आमच्या जुन्या अँबेसेडरचा एसी कित्येक वर्षं बंद होता, त्याचा जुना गॅस आता मिळतच नाही. नवापूरच्या मेकॅनिकने तेल, रबरी रिंगा सगळं बदलून आज नवा गॅस भरला. "बाबा, हाऊ गॅस जराखा कमी गार करस," हे त्याने आधीच सांगितलं होतं. पण ह्यांना पटेल तर ना! घरचा ताप मोजायचा थर्मामीटर खिशातून काढला आणि एसीच्या जाळीला धरून बसले.

"पारा हालत नही! काय काम करं तू?"

थर्मामीटर झटकलाच नव्हता. पण चारचौघांत नवऱ्याला कसं सांगू? मेकॅनिक बिचारा रडकुंडीला आला. शेवटी हे मला म्हणाले, "तू बठ. तूच सांग."

बसले. गार होतं, बऱ्यापैकी. कुडकुडण्याइतकं मुळीच नव्हतं. तरी मी पदर कानावरून घट्ट ओढून घेतला. ह्यांचा चेहरा असा खुलला! मेकॅनिकच्या पाठीवर थाप काय, चहा काय! बरोबर केलं ना मी?

विसरवाडीच्या पुढे ह्यांनी माझ्या पदराकडे पाहिलं. "तुले थंडी वाजी ऱ्हायनी," म्हणाले, आणि एसी बंद केला. गाडी बाजूला घेऊन माझ्याकडची काचसुद्धा स्वतः वाकून उतरवली.

घरापर्यंत उन्हाच्या झळा खात आले. कानावरचा पदर काही काढता आला नाही.