बेंबीभोवतीची रेषा

बारामती, ४ फेब्रुवारी १९३८
इंदापुराहून मोटारीने सुखरूप पोहोचलो. दवाखाना नवा, स्वच्छ. खाटेवरून कालव्याकाठचा ऊस दिसतो. आयुष्यभर पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवले. आता बेंबीचा हर्निया शिवून घ्यायचा, एवढेच प्रयोजन. डॉक्टर निरगुडकर तरुण व मितभाषी आहेत. रुग्णांची देखभाल करणारी साखरबाई मात्र धीट. फुगवटा पाहून म्हणाली, "शास्त्रीबुवा, ही बेंबी हाय का वांगं?" मलाही हसू आले.

७ फेब्रुवारी
शस्त्रक्रिया पार पडली. जखम किंचित गरम आहे. विष रक्तात भिनू नये म्हणून डॉक्टरांनी नव्या लाल गोळ्या सुरू केल्या. लघवी लाल होईल, घाबरू नये, असे त्यांनी आधीच बजावले. तशी ती झाली. हा रंग औषधाचा, हे त्यांचे विधान. तो रक्ताचा नव्हे, याला प्रमाण काय? शेजारच्या खाटेवरील सणसरचा भिमा, पायाला कोयता लागलेला, याच गोळ्यांनी सुधारतो आहे. परंतु एका उदाहरणाने नियम सिद्ध होत नाही.

९ फेब्रुवारी
गोळी आता जिभेखाली धरतो आणि साखरबाई वळताच खिडकीबाहेर टाकतो. लघवी स्वच्छ झाली. गोळी होती तेव्हा लाली होती; गोळी नाही, लालीही नाही. तस्मात् अपाय गोळीचाच. भिमा आज आपल्या पायांनी घरी गेला.

१० फेब्रुवारी
ताप आहे. बेंबीभोवती त्वचा लाल झाली. ती पसरते का हे कळावे म्हणून डॉक्टरांनी लालीच्या कडेने जांभळ्या पेन्सिलीने रेषा ओढली. दुपारी पाहतो, तर लाली रेषेबाहेर दोन बोटे. लाली इतक्या वेगाने सरकेल हे असंभाव्य; रेषा मात्र पुसून आत ओढता येते. मला डोळा लागला तेव्हा साखरबाई येथेच होती.

११ फेब्रुवारी
आज रेषा मीच ओढली. माझ्याच टाकाने. झोपलो नाही. तिच्यावर बोट ठेवून बसलो. कोणी आले नाही. लाली बोटाखालून पुढे गेली — माझ्या डोळ्यांदेखत —
डॉक्टर म्हणाले, गोळ्या लागू पडत नाहीत; बंद करू. मी मान डोलावली.

१२ फेब्रुवारी
साखरबाईला सर्व सांगितले. जीभ जड — शब्द घसरतात. कपाळावर ओली पट्टी ठेवत ती म्हणाली, "तापात बरळताय, शास्त्रीबुवा. माझ्या म्होरं गिळल्यात की समद्या गोळ्या." तिने प्रत्यक्ष पाहिले. माझ्यापाशी प्रमाण काय आहे?

दुपार
लाली छातीवर. डॉक्टर इंदापूरला, सांजेला येतील. तोवर वाचा राहील असे वाटत नाही — साखरबाईला वाचता येत नाही. डॉक्टरांना येते. हात —
डॉक्टर, गोळ्या लागू पडतात. त्या मी —