टॉम माझा मृत्युलेख लिहितोय

मंगळवार संध्याकाळ, साउथहॅम्प्टन

माझ्या जुन्या पेपरमधून टॉमचा फोन. नवीन पोरगा. म्हणाला, तुमच्या हिब्रू भाषांतरांवर एक छोटंसं प्रोफाइल करतोय. मी लगेच ओळखलं, मृत्युलेख. म्हाताऱ्या माणसांचे मृत्युलेख पेपरवाले ती जिवंत असतानाच लिहून ठेवतात, आणि मीही कितीतरी वर्षं लोकांना ‘छोटंसं प्रोफाइल’ म्हणूनच फोन केलेत.

वाईट वाटायला हवं होतं का? मला तर मजाच वाटली. “मृत्युलेखच ना? मग नीट विचार,” म्हटलं. बिचारा सॉरी सॉरी करत बसला.

हिब्रूकडे कशा वळलात, असं विचारलं त्याने. मी युनिव्हर्सिटीचं काहीतरी सांगितलं. बाबांचं का नाही सांगितलं? दुपारभर तेच डोक्यात.

आम्ही मराठी ज्यू. मुंबईत बाबा रोज सकाळी हिब्रू प्रार्थना खडाखडा म्हणायचे, पण अर्थ एका शब्दाचाही माहीत नाही. त्यांना तो सांगता यावा म्हणून तर मी हिब्रू शिकले. पूर्ण प्रार्थना मराठीत करून ऐकवली तेव्हा चहा बशीत ओतत म्हणाले, “बरं झालं. म्हणजे इतकी वर्षं मी भलतंसलतं काही मागितलं नाही.”

शेवटी टॉमला परत फोन करून हे सांगितलं. खूप हसला. मग चाचरत म्हणाला, छोटंसं प्रोफाइलच आहे, पण तुमचं शेवटचं पुस्तक कुठलं लिहू?

म्हटलं, ती जागा रिकामी ठेव. आता कुठे तिसऱ्या प्रकरणात आलेय.